सात वाजताच्या तीन रिंगा

आषाढ पौर्णिमा आठवड्यावर आली की विहाराच्या ग्रुपवर निरोप येतो: वर्षावासाचे वर्ग सुरू होत आहेत, सर्वांनी आपापली आसनं उन्हात घालून ठेवावीत. आता आषाढात ऊन आणायचं कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही. मी आपलं माळ्यावरून आसन काढते, गॅलरीतल्या दोरीवर टाकते आणि ढगांकडे बघत उभी राहते. आसनाला वर्षभराचा कोंडलेला वास असतो, थोडा कापसाचा, थोडा डांबरगोळ्यांचा. काल तो वास नाकात गेला. आसन उलटं करून मी खोळीची शिवण चाचपली. एका बाजूला वीतभर शिवण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याची आहे. ती मीच उसवली होती आणि मीच पुन्हा घातली होती, गेल्या वर्षीच्या भाद्रपदात.

पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी हिंडायचं नाही, एका जागी राहून साधना करायची, ही फार जुनी रीत. आमच्या विहारात भिक्खू क्वचितच येतात, पण रीत पाळली जाते. दर रविवारी सकाळी ध्यानाचा वर्ग, आणि भाद्रपदात तीन दिवसांचं मौन शिबिर. उज्जैनमध्ये फ्रीगंजच्या मागच्या वसाहतीत ही दुमजली इमारत आहे. खाली मुलांची अभ्यासिका, वर ध्यानाचा हॉल. जिन्याखाली ओल्या चपलांचा ढीग, पायऱ्यांवर चिखलाचे ठसे, आणि वर गेलं की फिनाइल, उदबत्ती आणि न वाळलेल्या सतरंजीचा एक मिसळलेला वास. समोर बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्यापुढे चांदणीची पांढरी फुलं. ती फुलं रोज कोण ठेवतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी तिथे गेले ती काही निर्वाणाच्या ओढीने नव्हे. मला झोप लागत नव्हती, इतकंच. मी काळजी करणारी बाई आहे. गॅस बंद केला की नाही ते बघायला टावर चौकातून रिक्षा परत फिरवलेली आहे, तीही एका दिवसात दोनदा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला सांगितलं होतं की तुला काळजी करायला विषय लागत नाही, फक्त फुरसत लागते. मी शाळेत गणित शिकवत होते तोवर ती फुरसत कमी होती. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी विषयही मिळाला.

विषय म्हणजे आमचा मुलगा, तन्मय. इंजिनिअर झाला आणि राज्यसेवेच्या परीक्षेच्या मागे लागला. इंदूरला कोचिंगच्या गल्लीत एक खोली घेऊन राहायचा. पहिल्यांदा परीक्षा हातची गेली, तेव्हा आम्ही सगळेच म्हणालो, होतं असं. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. तो मात्र त्या निकालानंतर गप्प झाला. भांडला असता, रडला असता, आमच्यावर ओरडला असता तरी चाललं असतं. उज्जैन-इंदूर अंतर ते केवढं, तासा-सव्वातासाचं, पण घरी येणं त्याने बंद केलं. फोन उचलायचा, पण बोलायचा एकच शब्द. हूं.

मी रोज सकाळी सातला त्याला फोन करायची. उठलास का, रात्री झोप लागली का, चहा झाला का, डबा कसा येतो, आज कुठला विषय, किती झाला सिलेबस. सगळ्याला एकच उत्तर, हूं. हळूहळू मी त्या हूंचीच पारख करायला लागले. जाड आवाजातला म्हणजे आत्ताच उठला, बारीक म्हणजे रात्रभर जागा होता, आणि नुसता श्वास सोडल्यासारखा आला तर मग माझा तो दिवस गेलाच. फोन ठेवला की मी श्रीकांतला सांगायची, आजचा बरा नव्हता. तो चिडायचा. "तू फालतूमध्ये टेन्शन घेते. एवढा मोठा मुलगा आहे, रोज सकाळी काय हाजिरी लावायची त्याची?"

पण त्याच दिवसांत आमचा हिंदी पेपर कधीकधी हाताला पातळ लागायचा. आधी मला वाटलं पेपरवाला पानं विसरतो. मग एकदा गादीखाली घडी घातलेलं पान सापडलं. आतलंच पान, त्यावर अशाच एका कोचिंगच्या गावातली, अशाच एका मुलाची छोटीशी बातमी होती. श्रीकांत पहाटे उठून पेपर आधी वाचायचा आणि ते पान काढून ठेवायचा. मी ते पान होतं तसं परत ठेवलं आणि त्याला काही बोलले नाही. खरं सांगायचं तर आपला मुलगा जिवंत आहे ना, एवढंच बघायला मी रोज सातला फोन करत होते. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यावर घातलेलं पांघरूण होतं. त्या वेळी हे वाक्य मी कुणासमोरच बोलले नाही, स्वतःशीसुद्धा नाही.

विहाराचं नाव शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी सुचवलं. मी जायला लागले तशी नात्यातल्या एकदोघींनी विचारलंच, "तिकडे कशाला? आपल्याकडे काय कमी मंदिरं आहेत?" त्या 'तिकडे'मध्ये काय काय भरलंय ते मला कळत होतं. एवढी वर्षं याच शहरात राहून, मराठी असूनही, मी त्या वसाहतीच्या रस्त्यावरून कधी गेले नव्हते याची मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. मंदिरांबद्दल म्हणाल तर श्रावण-भाद्रपदात सोमवारी देवाची सवारी, म्हणजे पालखी, निघते तेव्हा गर्दीत मला पुढे-मागे फक्त धक्के कळतात. मला कुठेतरी नुसतं बसायचं होतं.

तिथे वर्ग घेतात ते रामटेके काका. मूळचे नागपूरकडचे, रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, नोकरीमुळे उज्जैनला आले आणि इथलेच झाले. उंच, किडकिडीत, आवाज मात्र असा की मागच्या रांगेलाही न ओरडता ऐकू यावा. पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं, "श्वास मोजायचा. एक ते दहा. मधी दुसरा विचार आला तर रागवायचं नाही, फिरून एकपासून." मला हसूच आलं. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी, मला दहापर्यंत मोजायला शिकवताय?

एक. दोन. तीन. चार, आणि तन्मय. परत एक. दोन. तीन. चार, आणि त्याच्या खोलीचं दार आतून बंद. परत एक. पूर्ण श्रावण गेला, पण चारच्या पुढे मी काही सरकले नाही. बाजूला बसणारी शिवणकाम करणारी सुनंदाताई मला हळूच म्हणाली, "माझं पण असंच होते. मी तर दोनवरच भाजी चिरायला जाते." तिच्या भाजीचा मला हेवा वाटला.

जाता-येता खालच्या अभ्यासिकेतली मुलं दिसायची. ट्यूबलाइटखाली मान घालून बसलेली, समोर जाडजूड गाइडं, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. पंख्याच्या वाऱ्याने पानं फडफडायची आणि मुलं ती कोपराने दाबून धरायची. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहायची आणि एकेकाचा चेहरा बघायची. कुणाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते ओळखता येतं का, हे मला बघायचं होतं. मला कधीच ओळखता आलं नाही, आणि त्याने माझी भीती वाढतच गेली. एवढ्या जवळून बघूनही कळत नसेल, तर फोनवरच्या हूंमधून मला काय कळणार होतं?

भाद्रपदात शिबिर आलं. तीन दिवस विहारातच राहायचं, बोलायचं नाही, आणि फोन जमा करायचा. फोन जमा करायची पद्धत आमच्याकडे ठरलेली आहे. बेसनाचा एक रिकामा मोठा पत्र्याचा डबा आहे. प्रत्येकाने आपला फोन बंद करायचा, नावाची चिठ्ठी रबरबँडने त्याला लावायची आणि डब्यात ठेवायचा. डबा कपाटात जातो, कपाटाची किल्ली काकांच्या खिशात. आणीबाणीसाठी विहाराचा नंबर घरी देऊन ठेवायचा. श्रीकांत म्हणाला, "जा. तीन दिवस तुला पण आराम, त्याला पण." तन्मयला मी आदल्या सकाळी सांगितलं की उद्यापासून तीन दिवस माझा फोन येणार नाही, तिथे जमा करतात. तो म्हणाला, हूं.

आणि मी काय केलं? श्रीकांतचा जुना, काच तडकलेला, केव्हाचा मेलेला फोन होता. त्याला माझ्या नावाची चिठ्ठी लावून तो डब्यात टाकला. माझा फोन आवाज बंद करून, नुसता थरथरेल असा ठेवून, आसनाची शिवण उसवून कापसात सारला. साठीला आलेली, आयुष्यभर मुलांच्या दप्तरातून कॉप्या पकडणारी बाई! फोन डब्यात ठेवताना काकांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि मला वाटलं, सुटले.

पहिला दिवस त्या फोनवर बसण्यातच गेला. सगळ्या शरीराचं लक्ष त्या एका जागी. जेवताना, चालताना, पावसाच्या पागोळ्या बघताना, माझं आसन माझ्या काखेत. हॉलमध्ये तीसेक माणसं, आणि आवाज फक्त पंख्याचा, कुणाच्या तरी दम्याच्या श्वासाचा, आणि लांब स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा. एवढी शांतता की आपलं खोटं आपल्यालाच ऐकू यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बैठकीत, डोळे मिटलेले असताना, आसन थरथरलं.

 फरशीवरून ती घरघर सगळ्या हॉलभर गेली. कुणी डोळे उघडले नाहीत, उघडायचे नसतातच. मी हलले असते तर कळलं असतं कुणाच्या खालून येतेय. मी हलले नाही. एकामागून एक थरथर येत राहिली, पूर्ण रिंग संपेपर्यंत, आणि मग थांबली. समोर भिंतीवर घड्याळ होतं, मी एक डोळा किलकिला केला. सात वाजले होते.

आसन छातीशी धरून मी उठले, लोकांचे गुडघे चुकवत बाहेर आले, जिन्यात बसून शिवण ओढली. स्क्रीनवर तन्मयचं नाव. निकालानंतरच्या चार महिन्यांत त्याने आपणहून एकदाही फोन केला नव्हता. मी लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. एकदा फोन निसटून दोन पायऱ्या खाली गेला. मग श्रीकांतला लावला.

"अगं, तू तर मौनात आहेस ना?"

"तन्मयचा फोन आला होता. त्याने स्वतः केला. आता उचलत नाहीये."

श्रीकांत हसेल, टेन्शन नको घेऊ म्हणेल, असं वाटलं.  पण पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला. "मी निघतो," म्हणाला. तेव्हा मला कळलं की हाही इतके दिवस माझ्याइतकाच घाबरलेला होता.

रामटेके काका केव्हा बाहेर आले कळलं नाही. दोन पायऱ्या सोडून बसले. मी म्हणाले, "चुकलं माझं. पण माझा मुलगा फोन उचलत नाहीये." त्यांनी कोण, कुठे, काय, एकही प्रश्न केला नाही. मग म्हणाले, "ताई, मालगाडीत गार्ड एकदम शेवटी राहते. इंजिन लय दूर. गाडी मधीच कुठं थांबली तर कायले थांबली, काही समजत नाही. पहिले पहिले मी लय घाबरत जाऊ. मग नुसता बसून राहू दिवा धरून. दुसरं करता काय?" मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर, पावसाकडे बघत होते. शांत वाटलं का मला? अजिबात नाही. पण मी एकटी नव्हते, एवढं झालं.

वीस मिनिटांनी फोन थरथरला.

"आई? तुझा फोन तर जमा होता ना?"

"काय झालं? तू ठीक आहेस ना? का केला होतास फोन?"

"काही नाही. असंच. मी नहायला गेलो होतो."

"खरं सांग, तन्मय."

 मग तो म्हणाला, "तू उचलणार नाही माहीत होतं, म्हणून तर केला."

"म्हणजे?"

"म्हणजे रिंग जाते ना, तेवढंच पाहिजे होतं मला. घरी फोन लागतो, पण कोई कुछ पूछता नहीं. झोपला का, जेवला का, किती झालं, काही नाही. तू सातला प्रश्न सुरू करते ना आई, मी साडेसहापासून टेन्शनमध्ये असतो."

चार महिन्यांत तो एवढा बोलला नव्हता. मला म्हणायचं होतं की बोल, अजून बोल. मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "बरं, पण नाश्ता केलास का?"

तो म्हणाला, "हूं. ठेवतो."

काकांनी ऐकलं असणारच. फोन मांडीवर ठेवून मी रडले, आवाज न करता, कारण आत लोक बसले होते. काका उठून पाण्याचा पेला घेऊन आले. मी म्हणाले, हा फोन जमा करायचाय. त्यांनी कपाट उघडलं, डबा काढला. मी माझ्या नावाची चिठ्ठी तडकलेल्या फोनवरून काढून खऱ्या फोनला लावली. ओशाळून त्यांच्याकडे बघितलं तर ते म्हणाले, "राहू द्या. ह्या डब्यात दरवर्षी दोन-तीन मेलेले फोन राहतेच." आणि कपाट लावून घेतलं. आत गेल्यावर मी बायकांच्या रांगेतल्या प्रत्येक आसनाकडे एकदा बघून घेतलं.

उरलेले दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते. शिबिराहून आलेल्या बायकांना लोक विचारतात, मन शांत झालं का? माझं झालं नाही. मी एक, दोन, तीन, चार करत राहिले आणि दर चारला इंदूरला जाऊन येत राहिले. फक्त पहिल्यांदाच मी स्वतःची भीती नीट बघितली. ती त्याच्या जिवासाठी होती, यात खोट नव्हती. पण रोज सातला मी ती त्याच्या हातात ठेवत होते, धर जरा म्हणून, आणि तो बिचारा धरून उभा होता. श्रीकांत त्या सकाळी त्याच्याकडे गेला, दोघांनी कोपऱ्यावर पोहे-जलेबी खाल्ली, क्रिकेटवर बोलले आणि श्रीकांत परत आला. हे मला शिबिर संपल्यावर कळलं. मी असते तर पोह्यांबरोबर सिलेबस काढला असता.

घरी आल्यावर मी सातचा फोन बंद केला. त्या पहिल्या सकाळी ओट्याशी उभी राहून मी तेच ते पातेलं तीनदा घासलं. सात वाजून गेले आणि फोन वाजला. एक, दोन, तीन रिंगा, आणि कट. मिस्ड कॉल. आपल्याकडे मिस्ड कॉलची भाषा सगळ्यांना येते: पोचलो, निघालो, खाली ये, आठवण आली. मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन रिंगा. आमचं याबद्दल कधी बोलणं झालं नाही, काही ठरलंही नाही, पण गेले दहा महिने रोज सकाळी सातला तीन रिंगा येतात. दिवाळीला तो घरी आला, दोन दिवस राहिला, तेव्हाही मी विषय काढला नाही. तो एका मित्राबरोबर डॉक्टरांकडे जातो, गोळ्या चालू आहेत, हे मला श्रीकांतकडून कळलं. परीक्षा त्याने यंदाही दिली. कशी गेली, मला माहीत नाही.

मी सुधारले असं समजू नका. सात वाजता रिंग येते, पण कधी सातला पाच असतात, कधी सात वाजून दहा. त्या पंधरा मिनिटांत मी काय काय बघून येते ते सांगण्यासारखं नाही. रविवारच्या वर्गात काका विचारतात, रोज किती वेळ बसता? मी म्हणते, पंधरा मिनिटं. तेवढंच बसते, पण मनापासून.

आज सकाळी आसन दोरीवर होतं, अजून ओलसरच. मी गॅलरीत उभी होते, फोन खिडकीच्या कठड्यावर. खाली दूधवाल्याची मोटरसायकल, समोरच्या घरी भजनाची कॅसेट, आकाश गच्च. सातला दोन मिनिटं असताना फोन वाजला. एक. दोन. तीन. मी सुटकेचा श्वास सोडला आणि आसनाकडे वळले.

चार.

चारच्या पुढे जायची मला सवय नाही. पाच.  श्रीकांत आतून बाहेर आला आणि दारातच थांबला. सहा. आज तो कट करत नव्हता. मी फोन उचलून कानाला लावला.

"आई," तो म्हणाला.

काय झालं, बरं नाही का, निकाल लागला का, कुठे आहेस, जेवलास का, सगळे प्रश्न ओठांवर येऊन उभे राहिले. मी कठड्याला घट्ट धरलं.

"हूं," मी म्हणाले.

आणि तो बोलायला लागला.